मागं कडी असलेलं बटण

कॉइल मीच गुंडाळली, उद्यमनगरात,
मोटारी भरताना उरलेल्या तारेची.
दांडा पीव्हीसीचा, कानाला मेव्हण्याचा हेडफोन.
रविवारी वळिवड्याच्या माळावर
असा वाकून चालायचो की लोक विचारायचे,
काय हरवलं, मंगळसूत्र?

सापडायचं ते बाटलीचं बूच.
गुटख्याची चांदी. बैलाची झिजलेली पत्री.
एकदा सायकलची घंटी,
आत चिखल भरून मुकी झालेली.

पहिली पुंगळी मिळाली तेव्हा
घरी आणून चिंचेनं घासली,
देव्हाऱ्यातल्या तांब्यासारखी. लखलखली.
सुभेदार हिंदुराव भोगमांनी चष्मा लावला, काढला.
"अक्षरं खाल्लीस की रं," म्हणाले.
"बुडावरचं साल खाल्लंस.
आता हिला वय न्हाई."

तेव्हापासून घासत नाही.
पाण्यात भिजवतो, बाभळीच्या काडीनं माती काढतो
आणि बावड्यात त्यांच्या ओट्यावर कालचा पेपर पसरतो.
सुभेदार आधी बोलत नाहीत. आधी वजन.
मग अंगठ्याचं नख कडेवरून फिरतं. मग वास.
"पितळ. तीनशे तीन. बूड बघ:
के, एफ. खडकी. चार आणि दोन."
बेचाळीस म्हणताना ते माझ्याकडे बघत नाहीत.
त्या साली त्यांचे वडील बोटीत चढले होते.
"टोपीला खड्डा हाय. चाप वडलाय कुणीतरी.
कशावर, ते पुंगळीला ठाऊक नसतंय."

एकदा बांधाला जड काही लागलं, पेरूएवढं.
मी खुरपं उचललं
आणि पाठीमागून एक आवाज आला,
त्यांचाच, पण मी कधी न ऐकलेला:
"हात मागं."
पोलीस आले, दोरी बांधली, बघ्यांची जत्रा भरली.
निघालं तराजूचं वजन, अर्ध्या शेराचं.
सगळे हसले.
"असू दे," सुभेदार म्हणाले, न हसता,
"पुढल्या बारीलाबी असंच."

आणि मग हे. गांधीनगरात,
कापडपेठेच्या मागं गटारीला चर मारलेली, तिथं.
रुपयाएवढं, हिरवट. त्यावर पाखरू,
पंख पसरलेलं, डोक्यावर मुकुट.

सुभेदारांनी उलटं केलं, सुलटं केलं.
"आपल्या पलटणीचं न्हाई.
राजाराम रायफल्सचंबी न्हाई.
इंग्रजाचं म्हणावं, तर मुकुट पाखराला कशापायी?"
वजन झालं, नख झालं, वास झाला
आणि त्यांना नाव सापडेना.
मला वाईट वाटलं. जरा बरंही वाटलं.

हासानंद शेठ दुकानाची पायरी उतरून आले.
साठ वर्षं बटणं विकलेला माणूस.
पाखराकडे त्यांनी बघितलंच नाही.
"मागं कडी आहे. चार भोकांचं नाही.
कोटाचं आहे, जाड लोकरीच्या.
इथल्या हवेत कोण घालणार तो?
आणि हे तुटून पडलेलं नाही, बाबा.
ओढून तुटलं तर कडी वाकते. ही सरळ आहे.
दोरा कापलाय. कात्रीनं."

मग उगाच मागचं निघालं.
सिंध सुटली तेव्हा शेठ पाच वर्षांचे.
मिळालेल्या बराकीच्या भिंतीवर
पेन्सिलीच्या रेघा होत्या, एकावर एक,
कुणा पोराची वाढत गेलेली उंची,
शेजारी नाव, कुणाला न वाचता येणारं.
आईनं तेवढी भिंत चुन्यातून वगळली.
शेठची उंची तिथंच पुढं मोजली.
"पोलंडची बायकापोरं होती आमच्या आधी.
त्यांचे बाप लढाईवर. इटलीत."

"इटलीत," सुभेदार म्हणाले.
एवढंच.
मग बटण परत तळहातावर घेतलं,
पुन्हा वजन केलं, मघापेक्षा सावकाश,
आणि मूठ मिटली.
मी वही उघडून उभा.
मागायला जीभ वळेना.

रात्री लिहिलं: जागा, तारीख. खोली एक वीत.
धातू पितळ. कडी शाबूत.
ओळख: कोट.
कुणाचा, ती ओळ कोरी.
वस्तू कुठे ठेवली, या रकान्यात
भोगम, कसबा बावडा.

पुढच्या रविवारी चौदा बुचं सापडली,
सगळी सोड्याची.