तेलाला वाट

कंपनीचा माणूस म्हणाला, एक्केचाळीस हजार,
जीएसटी वेगळा, आणि गाडी चार दिवस वरुडलाच राहील.
मी कोटेशनची घडी पासबुकात ठेवली
आणि कय्यूमभाईंच्या शेडवर गेले.

अठरा हॉर्सपॉवरचं आमचं ट्रॅक्टर,
संत्र्याच्या दोन ओळींतून अंग चोरून जाणारं.
मागची लिफ्ट उचलायची काहीही: वखर, फवारणीची टाकी,
एकदा तर उद्धवरावांची मेलेली म्हैस.
पण ट्रॉली रिकामी करायची म्हटलं
की घमेलं. आणि घमेल्याखाली मी.

भाईंनी पंपावर हात ठेवला, ताप बघावा तसा.
"जोर हाय हिच्यात. तेलाले वाट नाई, बस."

परतवाड्याच्या भंगारात व्हॉल्व्ह सापडला,
कुठल्याशा लोडरचा, दोन दांड्यांचा.
एका दांडीचा गोळा कुणाच्या तरी तळहातानं
लिंबासारखा गुळगुळीत केलेला.
बावीसशे. दुकानदाराला वाटलं, बाई वजनावर नेतेय.
जॅक ग्रामपंचायतीच्या लिलावातल्या घंटागाडीचा,
त्यावर अजून 'ओला कचरा' वाचता येतो: साडेतीन हजार.
होज, नट, तेलाचा कॅन.
हिशेब नणंदेच्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर.
आठ हजार दोनशे पन्नास,
खाली श्री गजानन प्रसन्न, उलटं.

जोडाजोडीला मी पाना धरला.
टेफ्लॉन टेप आणला होता, भाईंनी तो चुलीकडं फेकला.
"नळाचं सामान नळाले. इथं एक धागा सुटला
त लिफ्टच्या पोटात जाते."

ट्रॉली उठली.
तिरपी, कुरकुरत, पण उठली,
आणि दीड टन शेणखत एका दमात
आंब्याच्या सावलीत जाऊन पडलं.
मी हसले. मग वखर लावला.
दांडी ओढली. वखर जमिनीला चिकटलेला.
पुन्हा ओढली.
मागची लिफ्ट, जी म्हैस उचलायची,
ती आता पसाभरही वर येईना.

आंबियाचा ताण संपत आलेला,
झाडांनी पानं गुंडाळून धरलेली.
सासरे काहीच बोलले नाहीत.
बोलले असते तर बरं झालं असतं.
रात्री दोनदा उठून मी शेडमध्ये गेले,
बॅटरी मारून होजकडं बघत बसले,
जसं काही तेच सांगणार होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला
लुना घेऊन भाई दारात, मफलर कानावर.
"रातभर तेलासंगं चाललो डोक्यात.
पंपातून निघालो, व्हॉल्व्हात आलो,
अन् थेट टाकीत परत! लिफ्टकडं गेलोच नाई.
पाहुण्याले पोटभर वाढलं,
घरचे उपाशी."

एक बाही हवी होती, आंगठ्याएवढी,
व्हॉल्व्हच्या शेवटच्या तोंडात बसणारी,
उरलेलं तेल पुढच्या घरी पाठवणारी.
भंगारवाल्यानं ती कधीच काढून घेतली होती,
किंवा लोडरला ती लागतच नसेल.
मोर्शीच्या लेथवर पोरानं कातून दिली,
एकशे ऐंशी रुपये, आणि तीन तास बाकावर.

आधी ट्रॉली. मग वखर. मग दोन्ही आळीपाळीनं.
सासऱ्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं,
"तेल किती लागलं?"

गळती बघायला मी बोट पुढं केलं
तर भाईंनी मनगट धरलं, जोरात.
संत्र्याच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून दिला.
"याले विचार. बोटाले नको."
त्यांच्या डाव्या तर्जनीला नख नाही,
हे वर्षभरात मी पहिल्यांदा पाहिलं.
पुठ्ठा कोरडा राहिला.

व्हॉल्व्हाची दुसरी दांडी अजून मोकळीच आहे.
तिच्या तोंडाला तूर्त
खोकल्याच्या औषधाचं झाकण, वर सुतळी.
तिथं काय जोडायचं ते ठरलेलं नाही.
सासरे म्हणतात, खड्डे खोदणारं काहीतरी.
मी पत्रिकेच्या पाठीवर अजून जागा आहे का बघते.