रकाना सातवा

सुर्ल्याचा सडा. कोजागिरी उलटून चार दिवस.
मी वहीत सोनकी लिहून मोकळी झाले होते.
लांबून इथे सगळंच सोनकी दिसतं,
ऊन पडलेला दगडसुद्धा.

मग गुडघे टेकले.
सलवारीला दवाची ओल,
भिंगाखाली ते एक फूल
जे एक नसतंच:
मधल्या चकतीत दाटीने बारक्या नळ्या,
प्रत्येक नळी म्हणजे एक पुरं फूल,
काठावर आठ पिवळ्या जिभा,
टोकाला तीन दाते पडलेल्या.
सोनकीलाही जवळपास तितक्याच असतात.
जिभा मोजून ओळख पटत नाही,
हे माणसांमुळे आधीच ठाऊक होतं.

पानं पाहिली. खालची समोरासमोर,
देठाशिवाय खोडाला बिलगलेली.
सोनकीची एकाआड एक चढत जातात.
एक वाळलेलं बोंड तळहातावर चोळलं:
काळं, चकचकीत बी,
डोक्यावर केसाचा धागासुद्धा नाही.
म्हणजे वाऱ्याने आणलेलं नाही हे.
मग कोणी आणलं,
जिथे अजून रस्ताही यायचं की नाही ठरवतोय?

शेवंती गावकर वाटेत थांबली,
डोक्यावर काटक्यांची मोळी तशीच.
(नावाने तीही याच कुळातली.)
चिमूटभर बी तिने दाढेखाली धरलं.
"कारळें," म्हणाली. "हें रानाचें न्हय.
हांगा आमी कुमेर करताले.
आवय पेरताली."

डोंगर कापून पेरायची बंदी झाली
तेव्हा ही परकरात.
पुढच्या पावसात कोणी आलं नाही पेरायला,
आणि हे उगवलं.
एका वर्षाचं रोप. दर वर्षी मरायचं,
आपल्याच पायाशी सांडायचं,
पुन्हा वर यायचं.
पन्नास-साठ वर्षं.
चटणी कोणी मागितली नाही.

सातव्या रकान्यात विचारलंय:
रानटी की लागवडीचे?
एकाच ठिकाणी खूण करावी.
पेन उघडंच राहिलं.

तोवर वेळ काढायला मी विचारलं,
शेत कुठवर होतं तुमचं?
हात मोळीला होते, दाखवता आलं नाही.
मान वळवून ती बघत राहिली
पिवळं जिथे संपतं तिथे.