ठरणे

निकाल अठ्ठावीस पानांचा, इंग्रजीत.
मराठी प्रत मी करायची, सोमवारपर्यंत.
सिव्हिल लाईन्स, मे महिना,
कूलरचा पंप बंद, वाळा सुकून कडकडीत,
पंखा नुसती बाहेरची झळ आत आणतो.
सत्तावीस पानं उतरली.
शेवटच्या पानावर एक शब्द अडून बसला:
व्हिंडिकेटेड.

गोमाजी निनावे, कळमन्याच्या वाटेवरच्या
एका धर्मकाट्यावर कारकून.
त्यांनी पावतीच्या पाठीवर लिहून दिलं होतं
की काटा दर गाडीमागं
अडतीस किलो संत्रा गिळतो.
मालकानं त्यांनाच चोर ठरवलं.
याला झाली एकोणीस वर्षं.

शब्दकोशात पाहिलं. समर्थन करणे.
ते तर वकील करतात, फी घेऊन.
त्याखाली, दोषमुक्त.
यात दोष आधी येतो,
आणि वाचणारा बहुधा तिथंच उतरतो.

शेजारच्या टेबलावरून हेडाऊ म्हणाले,
"खरे ठरले, लिहा नं मॅडम,
अन् चला पोहे खायले, तर्री संपून जाईन."

ठरले.
लग्न ठरतं, भाव ठरतो, घरभाडं ठरतं.
चार माणसं सतरंजीवर बसतात, चहा होतो,
कुणी घड्याळ बघतं, मग ठरतं.
खरेपणाचंही तसंच असावं.
फक्त इथं बैठक लांबली,
आणि ज्याचं ठरायचं होतं
तो मधेच उठून गेला.

आमचे भाऊजी रोज कशावर तरी म्हणतात,
"म्या म्हनलो होतो का नाई?"
खोदलेल्या रस्त्यावर, हरलेल्या मॅचवर,
आंबट निघालेल्या संत्र्यावरसुद्धा.
हे वाक्य म्हणणाऱ्याचं
सहसा काही गेलेलं नसतं.

भागरताबाई निनावे प्रत न्यायला आल्या
त्या सोमवारच्या आधीच, शुक्रवारी.
डोक्याला ओला दुपट्टा, पिशवीत कांदा, उन्हासाठी.
मी म्हटलं, बसा, एकच शब्द राहिलाय.
"कोनता जी?"
सांगितलं. तुमचे मालक खरे ठरले, असं काहीतरी.

त्या हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत.
"ठरले?
अन् मंग एकोनीस वर्सं काय होते ते?
त्या दिवशी घरी आले, जेवले नाई,
म्हने, काटा खोटा हाय.
मी तवाच म्हनलं, हाय तं हाय.
माह्यासाठी तवाच झालं होतं नं बाई.
ठरला तं कोर्ट ठरला. शाहना ठरला, उशिरा."

मी खोडलं. लिहिलं:
गोमाजी निनावे खरे होते.

मंगळवारी साहेबांनी लाल पेन्सिलीनं गोल केलं.
मूळ शब्दाशी जुळत नाही. पुन्हा पाहावे.
मी पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं,
आणि तसंच टाईप करून सहीला ठेवलं.
सही झाली. वाचून झाली की न वाचता, माहीत नाही.

भागरताबाईंनी बोट ठेवत ठेवत ओळ लावली.
बोट शेवटच्या शब्दावर थांबलं.
"हे होते...
खऱ्याचं हाय, का ते गेले म्हनून हाय?"

मराठीत त्याला दुसरा शब्द नाही, मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली,
लुगड्याच्या कनवटीतून नोटा काढल्या,
प्रतीची फी दोनदा मोजली,
आणि मलाही मोजायला लावली.