सेम कंटेंट, दुसरी कंपनी

रावपुऱ्यात आमच्या मेडिकलच्या काउंटरवर
लोक दोन तऱ्हेच्या चिठ्ठ्या घेऊन येतात.
एक डॉक्टरची.
दुसरी तोंडी: "निरुबेन, ती संपली काल रात्री.
आता तसलंच काहीतरी द्या ने."

मी आधी विचारते, रडलात कुठे?
राजा गेला तेव्हा, की त्याच्यामागे छत्री धरून
चोपन्न भाग मुकाट चाललेला तो म्हातारा
पहिल्यांदा उन्हात एकटा उभा राहिला तेव्हा?
नावं कुणालाच उच्चारता येत नाहीत,
मलाही नाही. पण रडण्याची जागा सांगितली
की खण सापडतो.

फणसे सरांना प्रेम चालत नाही, महसूल लागतो.
त्यांना दिली मिठागराच्या हिशेबनिसाची:
अठरा मंत्री गुडघ्यांवर, एका सुरात
"पुनर्विचार व्हावा, महाराज,"
आणि वहीत तीन पोती मीठ कमी.
सर खूश. म्हणाले, आजोबा खानगी खात्यात होते,
अगदी असंच चालायचं, फक्त टोप्या वेगळ्या.

जिग्नाबेनला ती, राजाचे जोडे शिवणाऱ्या मुलीची.
तिच्या हानबोकचा तो हिरवा, कच्च्या कैरीच्या सालीचा,
फोन थांबवून तिने मांडवीत दुकानदाराला दाखवला.
त्याने मीटरमागे वीस रुपये कमी करून
पोपटी गळ्यात मारला.

सगळ्यांना एक सूचना, बाटलीवर असते तशी:
पांढऱ्या वाडग्यात काळं काही आलं
की जेवताना बघू नका.

हेमांगी, तुला मात्र काही सुचवलेलं नाही
वर्ष झालं.
थायरॉइडची गोळी तू आता दांडिया बाजारातून घेतेस.
पन्नासची होती, पंचाहत्तरची झाली.
तिथला मुलगा माझ्याच हाताखाली शिकलाय.

पुराच्या आठवड्यात तू माझ्याकडे होतीस, तिसऱ्या मजल्यावर.
पार्किंगमध्ये विश्वामित्री,
तिच्यात वॉचमनला दिसलेली मगर
(तू म्हणालीस, टायर आहे),
दोघींत एक फोन, एक पुडा लीलो चेवडा,
आणि धाकट्या राजपुत्राचं बंड.
मी म्हटलं, गादी थोरल्याची.
तू म्हणालीस, थोरल्याने केलं काय,
नुसता आधी जन्मला.
मग तू तुझ्या दादाचं नाव घेतलंस,
मी माझ्या ताईचं,
मग घरांची, मग सह्यांची गोष्ट निघाली
आणि राजपुत्र तसाच
तलवार अर्धी उपसून, बॅटरी एक टक्का.

पाणी उतरलं त्या सकाळी तू चप्पल हातात घेऊन गेलीस.
भांडण युवराजावरून झालं,
असंच सांगते मी विचारणाऱ्यांना. हसतात.
शेवटचे दोन भाग मी बघितलेले नाहीत.
तू?
सांगू नकोस.

तर, एक मिळालीय.
तोच काळ, तशाच पायऱ्या, तोच रात्रीचा कंदील,
दोन दासी, एकीच्या हाती तेल, एकीच्या हाती वात,
आणि राजाला एकच मुलगी.
थोरला नाही, धाकटा नाही,
गादीचा प्रश्नच येत नाही.
म्हणजे बघ, सेम कंटेंट,
फक्त आपल्याला न सोसणारं ते एक सॉल्ट काढलेलं.

बत्तीस भाग. सबटायटल बरी आहेत.
पहिले तीन संथ आहेत, सोडू नकोस,
चौथ्यात तेल सांडतं.

दुकान दोन ते चार बंद असतं.
शटर अर्धं वर ठेवते.