चक्रवाढ, ग्रिम्सबी

बँकेनं मला एक दुपार दिलीय, पगारी,
आणि निळा टी-शर्ट, एक साइज मोठा.
दहावी-ब. मासळीच्या गोदामामागची शाळा.

फळ्यावर लिहितो : महिना वीस पौंड, चाळीस वर्षं.
आकडा फुगत जातो
आणि मागच्या बाकावर कुणीतरी जांभई देतं.

टॅम्सिन ओल्डरॉइड हात वर करते.
"विजेच्या मीटरमध्ये दहा टाकले
की चार आधीच्या उधारीत जातात.
याला काय म्हणतात?"

माझ्या एकाही स्लाइडवर तो शब्द नाही.

ती वहीचा समास दाखवते :
आईच्या शिफ्ट, धाकट्याचे बूट,
गुरुवारपर्यंत पुरवायचे सहा पौंड चाळीस.
हिशेब पेन्सिलीत. खोडरबर झिजलेलं.

मी खुर्ची ओढून बसतो.
"पहिल्यापासून सांग."

घंटा होते.
मार्कर तिच्याच हातात राहतो.