पेन्सिलीचं वर्तुळ

चिलोए बेटावर जुलै म्हणजे हाडांत शिरणारा महिना.
साडेआठला उजाडतं, पाचला मिटतं,
आणि मधल्या वेळात मी दारं वाजवत फिरतो :
एलिसेओ चिग्वाय, लाकडाच्या वखारीचा मुलगा,
बगलेत बापाची वही, खिशात दोन पेनं,
कारण एक नेहमी गिऱ्हाईक ठेवून घेतं.

आधी हॉटेल.
तिथे मला कॉफी मिळते, बिस्किट मिळतं,
पैसे मिळत नाहीत.
व्यवस्थापक रीडेमान यांना माझ्या आईच्या गुडघ्याची फार काळजी.
"बिल सांतियागोला पाठवलंय. तिकडे ते गुरुवारी बसतात."
कुठला गुरुवार, ते विचारायचं नसतं.
त्यांच्या शेकोटीत माझंच उल्मो जळतंय,
बावीस घनमीटर, एप्रिलपासून.
मी त्यावर हात शेकतो,
तेवढंच व्याज.

मग बेकरी. रुपेर्तो बारिया भट्टीमागून ओरडतो,
"मेलो नाही अजून! देतो की!"
पीठ लागलेल्या नोटा, निम्म्याच रकमेच्या,
वर एक गरम पाव.
हिशेबात धरू नको म्हणतो
आणि धरायला लावतो.

दुपारनंतर कास्त्रोची खांबांवरची घरं.
ओहोटीला खालचा चिखल उघडा, होड्या कुशीवर.
इथे थकबाकी म्हणजे एक मीटर, अर्धा मीटर.
इथे पडदा हलतो आणि घरात कुणी नसतं.
एक पोर दार किलकिलं करून सांगतं,
"आई म्हणाली, ती आंकुदला गेलीय."
मी म्हणतो, आईला सांग, आंकुदहून आलीस
की वखारीवर ये, सुकी फाटी बांधून ठेवलीत.
बापाने शिकवलेलं :
तगादा दाराला लावायचा, माणसाला नाही.
आवाज शेजारी जाऊ द्यायचा नाही.

पण वहीत एक पान आहे.
ओतिलिया कार्कामो. तीन मीटर, तेपू.
पुढे रक्कम नाही.
बापाने पेन्सिलीने वर्तुळ काढलंय, जरा वाकडं,
कपाच्या बुडाचा डाग उठावा तसं.
फिटलं? सोडलं? की मागू नकोस?
तो गेला त्या आठवड्यात
मी त्याच्याकडून सगळ्यांचे आकडे विचारून घेतले,
एवढं एक राहून गेलं.

अकरा हिवाळे मी त्या दारावरून
टोपीला हात लावून पुढे गेलो.
काल थांबलो.
पाव गार होत होता म्हणून, की काय, माहीत नाही.

"आलास एकदाचा," ती म्हणाली.
आत बसवलं नाही. पत्र्याचा डबा आणला.
"नवरा बुडाला त्या वर्षी तुझा बाप गाडी रिकामी करून गेला,
म्हणाला, राहू दे.
राहू दे म्हणजे काय रे?
नंतर तो रस्त्यात दिसला की मीच वाट बदलायचे.
मीठ आणायला निघाले तरी वाटायचं,
ते लाकूड माझ्या पाठीवर आहे.
गल्लीत सगळ्यांकडे मागत होतास, भांडत होतास,
माझ्यापाशी आलास की टोपीला हात,
जशी मी चर्चच्या पायरीवरची."

जिभेवर आलं होतं : राहू दे.
बापाचंच वाक्य, त्याच्याच आवाजात.
गिळलं. पेन काढलं.
मी जुना भाव सांगितला, ती नवा देऊ लागली,
आम्ही भांडलो, चांगले मोठ्याने,
शेजारची खिडकी उघडली तरी,
आणि मधेच कुठेतरी सौदा पटला.

मी नोटा दोनदा मोजल्या, थुंकी लावून, तिच्यासमोर.
पावती फाडली, तारीख घातली, सही केली.
तिने ती दिव्याखाली धरून शेवटपर्यंत वाचली,
घडी घालून डब्यात ठेवली
आणि म्हणाली,
"शनिवारी दोन मीटर टाकशील? उधार."

पेन तिच्याकडेच राहिलं.