चार बोटं

डेल्फिनाच्या गाड्यांना दाराच्या मुठी नसतात.
मी विचारतो, माणूस आत शिरणार कुठून?
मार्करचं टोपण दातांत धरून ती म्हणते,
"तो प्रश्न तुझा."

खरंच माझा असतो.
ती तपकिरी कागदावर एक रेघ ओढते,
पुढच्या दिव्यापासून शेपटीपर्यंत, एका दमात,
आणि त्या एका दमापायी
मी सहा महिने पत्रा ठोकत बसतो.
कागदाला सांधे नसतात.
कागद गंजत नाही, आचेनं वाकडा होत नाही,
त्यावरच्या चाकांना वळायला जागा लागत नाही.
तिच्या गाड्या जमिनीला पोट टेकवून पडलेल्या,
उन्हात मांजर पडावं तशा.
आणि एस्पान्योलाच्या रस्त्यांवरचे खड्डे
काय मी खणलेत?

मार्चमध्ये इग्नासिता माएस आली चिमायोहून,
नातवाच्या पिकअपमधून,
मागे ट्रेलरवर दोरखंडांनी जखडलेली
एकोणपन्नासची शेव्हरोले.
नवऱ्याची. ओनोफ्रेची.
अकरा वर्षं जर्दाळूच्या झाडाखाली उभी,
मागच्या सीटमध्ये उंदरांच्या पिढ्या नांदलेल्या.
नातू म्हणाला, छप्पर कापून चार बोटं खाली घ्या,
हल्ली सगळे तसंच करतात.
म्हातारी काही बोलली नाही.
खुर्ची दिली तर नको म्हणाली,
उभीच राहिली डेल्फिनाच्या खांद्यामागे.

डेल्फिना क्रोम कसा काढते ते मी पाहिलंय.
चंदेरी रंग तिच्याकडे नाहीच.
वर आभाळ, खाली खाली फिकट होत जाणारं,
मधे एक काळी कडक रेघ,
रेघेखाली इथली माती.
बस. बंपर चमकायला लागतो.
"ह्याला स्वतःचं काही नसतं," ती म्हणते,
"समोर असेल ते."
मग पांढऱ्याचा एक ठिपका, ब्रश जेमतेम टेकवून,
सूर्य जिथे असेल तिथे.

छप्पर उतरलं. देखणं दिसलं, खोटं कशाला बोलू.
काचांच्या फटी झाल्या,
गाडीनं डोळे बारीक केल्यासारखं.
तेव्हा इग्नासिता म्हणाली,
"आणि हॅट?"

कुणाला कळेना.

"हॅट घालून चालवायचा.
चर्चला जाताना, लाकडं आणायला जाताना.
हॅटशिवाय मी त्याला फक्त झोपलेला पाहिलाय."

"आजी, आजोबा आता कुठे..." नातू म्हणाला,
आणि वाक्य तिथेच सोडून
ट्रेलरचे दोर सोडायला गेला.

मार्कर खोडता येत नाही.
डेल्फिनानं तो कागद पालथा घातला,
नवा घेतला, विचारलं, केवढी उंच?
म्हातारीनं आपल्या पांढऱ्या केसांवर हात आडवा धरला.
आम्हाला बोटं मोजता आली.

दुसऱ्या चित्रात छप्पर जागच्या जागी.
बाकी सगळं तिनं खाली ओढलं, लांबवलं,
रंग दिला वाळत घातलेल्या मिरचीचा,
माळेच्या सावलीकडच्या बाजूचा.
दोन्ही दारांना मुठी.
मी काही विचारलं नव्हतं.

ते चित्र आता माझ्या भिंतीवर आहे,
कोपऱ्याला ग्रीस लागलंय.
दारं सरळ झाली, तळाचा पत्रा नवा घातला,
बंपर अल्बुकर्कीला गेलेत ते अजून आलेले नाहीत.
चित्रातल्या मागच्या बंपरात एक उभट काळा डाग आहे.
मला वाटलं, मार्कर गळला.
डेल्फिना म्हणाली,
"गाडी बघायला समोर कुणीतरी उभं असतंच ना."

इग्नासिता दर महिन्याला येते,
ऐंशी डॉलर मोजून देते,
गाडीकडे ढुंकूनही बघत नाही.
चष्मा कपाळावर सरकवून
कागदाला नाक लागेपर्यंत वाकते.
परवा म्हणाली, "जरा बुटका झालाय."

मी हसत हसत डेल्फिनाला फोन केला.
ती हसली नाही.
आठ मैल गाडी हाकत आली,
सगळ्यात बारीक ब्रश खिशात घालून,
आणि डागाच्या माथ्यावर
केसाएवढी एक रेघ आडवी टेकवून
चहाही न घेता परत गेली.